शनिवार-रविवार, पवनी

शनिवारी मेस बंद असते,
म्हणून आम्ही इतिहासाकडे निघालो.
कीर्ती नखाते आणि मी,
एका पाठपिशवीत दोघींचे कपडे, फुटाण्यांची पुडी
आणि मॅडमनी दिलेला कागद:
‘ऐतिहासिक स्थळास भेट. अहवाल. गुण पाच.’

एसटीत पुढच्या सीटवर एक बाई
कोंबडा मांडीवर घेऊन त्याच्याशी बोलत होती,
सासरच्या कोणाबद्दल तरी,
दबक्या आवाजात.

वेशीच्या कमानीखाली पंक्चरवाला.
त्याच्या डोक्यावर शेकडो वर्षं
आणि हवा भरायचे दहा रुपये.
"इथंच उभ्या राहा, फोटो सारे इथूनच घेतेत," तो म्हणाला,
"ट्यूबा नोका येऊ देऊ त्यात."

परकोटाच्या उतारावर शेळ्या चरत होत्या.
घाटाच्या पायऱ्या मी मोजत उतरले, अहवालासाठी.
चाळिसाव्या पायरीवर कीर्तीनं हसवलं
आणि आकडा नदीत गेला.

टेकडीवरची निळी पाटी अर्धी गंजलेली.
राजाचं नाव गंजात गेलं होतं,
दंडाची रक्कम तेवढी शाबूत.
राखणदार गेंदलाल बाभळीखाली बसला होता.
"काय पाहाले आल्या?"
"स्तूप."
"त्याच्यावरच तं उभ्या आहा तुमी."
मी पाय उचलला.
मग तो कुठं ठेवावा, कळेना.

"खांब नेले, मूर्त्या नेल्या,
नागपूरले, आनखी कुठं कुठं.
विटा तेवढ्या राह्यल्या. त्या कोनाले नोको होत्या."

वीट मी वितेनं मोजली.
आमच्या घरच्या विटेच्या दीडपट तरी असेल,
असं मनात आलं आणि त्यामागून
हेही, की कुठल्या घरच्या.
पुनर्वसनातल्या, प्लॉट नंबर एकशे बारा?
की पिपरटोल्याच्या,
जो धरणानं घेतला तेव्हा मी चौथीत होते,
आणि बाबांनी दारं काढली, चौकटी काढल्या,
ट्रॅक्टरवर आडव्या घातल्या,
उंबरठा तेवढा निघाला नाही.

कीर्तीला हे सांगितलेलं नाही.
सांगण्यासारखं काय आहे त्यात,
आमच्या वर्गात अशा सहा जणी आहेत.

रविवारी काळीपिवळीनं धरणाकडे.
कीर्तीला सुटलेल्या दरवाज्यांचा व्हिडिओ हवा होता,
पण दरवाजे बंद होते.
मग दिघोऱ्यांची नाव केली, माणशी चाळीस.
"पाण्याचं पाहायचं काय असतं?" ती म्हणाली.
बरोबरच होतं तिचं.

पाणी शांत होतं, आणि खूप होतं.
मधेच एका वाळक्या झाडाचा शेंडा,
त्याच्यावर पाणकावळा पंख वाळत घालून बसलेला.
दिघोरे वल्ह्यानंच गावं दाखवायचे,
हे अमुक, ते तमुक, तिथं मारुती होता.
पिपरटोल्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.
मीही विचारलं नाही.

"मोठी मरळ पाहिजे असन," ते म्हणाले,
"तं जाळं जुन्या घरायवर टाकाव लागते.
भिंतीच्या आडोशाले राह्यते ते.
चुलीत अंडे घालते."
"चुलीत?" कीर्ती हसायला लागली.
"मंग! जागा गार हाये.
कोनी उठवाले येत नाही."

एक घेतली, सव्वा किलोची.
कीर्तीच्या मावशीनं राख लावून साफ केली,
जवस-लसणाचा रस्सा केला.
ओसरीवर बसून आधी मी अहवाल संपवला:
वेस, परकोट, घाट, स्तूप.
धरण त्यात बसेना. ते ऐतिहासिक आहे का,
हे मॅडमला विचारायला हवं होतं.

मासा चांगला होता.
काटे काढत काढत मी ते ताटाच्या कडेला
एकाला एक लावून ठेवत गेले,
चौकोन झाला, एका बाजूनं उघडा.
"काय मांडतेस वं पोरी?" मावशी म्हणाली.
काही नाही म्हटलं,
आणि आणखी भात घेतला.